माउझर पिस्तूल : नावांच्या आधारे एका शस्त्राचा इतिहास

१

शस्त्रांचा इतिहास लिहिताना कारखान्यांची उत्पादनपत्रके आणि सैन्यांच्या खरेदीची दप्तरे ही दोन साधने सामान्यतः प्रमाण मानली जातात. तोफा, रायफली किंवा युद्धनौका यांच्या बाबतीत ती बहुतांशी पुरेशी ठरतात. कारण ही शस्त्रे राजसत्तेच्या आज्ञेने घडतात आणि बहुधा तिच्याच ताब्यात राहतात. पिस्तुलाची गोष्ट निराळी आहे. ते अंगरख्याखाली लपते, सीमा ओलांडते, एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि या प्रवासाची नोंद दप्तरात क्वचितच होते. अशा वेळी अभ्यासकाला तिसऱ्या एका साधनाकडे वळावे लागते. ते साधन म्हणजे त्या शस्त्राला निरनिराळ्या लोकांनी दिलेली नावे.

शब्द हे वस्तूच्या प्रवासाचे साक्षीदार असतात, याचा प्रत्यय मराठीतही येतो. 'तोफ' हा शब्द आपल्याकडे तुर्कीतून आला, 'बंदूक' अरबीतून आली, तर 'पिस्तूल' आणि 'काडतूस' हे शब्द पोर्तुगीजांच्या संपर्काने मराठीत रुजले. ज्यांच्याकडून शस्त्र आले त्यांच्या भाषेची खूण शब्दावर राहिली. पुढे ती राज्ये लयास गेली, ती शस्त्रे गंजून गेली. शब्द मात्र नित्य व्यवहारात टिकून राहिले.

या दृष्टीने जर्मनीतील माउझर कारखान्याचे 'सी ९६' हे पिस्तूल विशेष अभ्यसनीय आहे. ते सैन्यासाठी म्हणून तयार करण्यात आले; परंतु कोणत्याही मोठ्या राष्ट्राच्या सैन्याने ते आपले नियमित पिस्तूल म्हणून स्वीकारले नाही. असे असूनही त्याचे सुमारे दहा लाख नग एकट्या मूळ कारखान्यातून बाहेर पडले, स्पेन व चीन या देशांत त्याच्या प्रतिकृती निघाल्या आणि आयर्लंडपासून बंगालपर्यंत त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. ज्याला सैन्यांनी नाकारले ते सैनिकी पिस्तूल जगद्विख्यात कसे झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. त्याचे उत्तर पिस्तुलाच्या यंत्ररचनेत जितके सापडते तितकेच त्याच्या नावांत सापडते, असे दिसून येईल.

२

दक्षिण जर्मनीत नेकार नदीच्या काठी ओबर्नडॉर्फ नावाचे गाव आहे. तेथील माउझर बंधूंचा कारखाना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रायफलींसाठी प्रसिद्ध होता. या कारखान्याच्या प्रायोगिक विभागात फेडर्ले आडनावाचे तीन बंधू काम करीत असत. आपोआप भरले जाणारे पिस्तूल तयार करण्याची कल्पना मूळ त्यांची. १८९५ मध्ये त्याचा पहिला नमुना तयार झाला. तत्कालीन प्रथेनुसार त्याचे एकस्व कारखान्याचे प्रमुख पॉल माउझर यांच्या नावे घेण्यात आले. पिस्तुलाच्या पहिल्या नामकरणातच अशा रीतीने एक विसंगती आहे. ज्यांनी ते कल्पिले त्यांचे नाव त्याला मिळाले नाही. ज्यांच्या मालकीच्या छपराखाली ते घडले त्यांचे नाव मिळाले.

कारखान्याने दिलेले 'सी ९६' हे नाव निव्वळ कोष्टकातील आहे. जर्मन भाषेत रचना या अर्थाच्या शब्दाचे आद्याक्षर आणि १८९६ या वर्षाचे शेवटचे दोन अंक, एवढाच त्याचा अर्थ. त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी पॉट्सडॅम येथे सम्राट दुसरा विल्हेल्म याच्यासमोर या पिस्तुलाचे प्रात्यक्षिक झाले. कारखान्याच्या आशा कोणावर खिळल्या होत्या, हे यावरून स्पष्ट होते.

पिस्तुलाची रचना त्या काळी अपूर्व होती. गोळी सुटताच नळी व तिच्यामागचा अडसर ही एकत्र किंचित मागे सरकतात. मग नळी थांबते, अडसर सुटा होऊन आणखी मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि परतताना नवे काडतूस नळीत सारतो. दहा काडतुसांची पेटी मुठीत नसून चापाच्या पुढे आहे. ती वरून, एका पत्र्याच्या पट्टीत बसविलेली दहा काडतुसे अंगठ्याने खाली दाबून भरावयाची. आतील सारे भाग एकमेकांत अडकून बसतात. मुठीच्या लाकडी पाट्या आवळणारा स्क्रू सोडला तर या यंत्रात दुसरा स्क्रू नाही. त्याची ७.६३ मिलिमीटर व्यासाची गोळी सेकंदाला ४३० मीटरच्या आसपास वेगाने निघे. १९३५ साली अमेरिकेत '३५७ मॅग्नम' हे काडतूस निघेपर्यंत बाजारात मिळणाऱ्या पिस्तुलांच्या काडतुसांत इतका वेग दुसऱ्या कशाला नव्हता.

तथापि या शस्त्राचे खरे वैशिष्ट्य त्याच्या म्यानात होते. हे म्यान चामड्याचे नसून अक्रोडाच्या लाकडाचे, पोकळ पेटीसारखे असे. पिस्तूल बाहेर काढून तीच पेटी मुठीच्या मागे खाचेत बसविली की तिचा दस्ता होई, आणि तो खांद्याला टेकवून पिस्तुलाने लहान रायफलीसारखा नेम धरता येई. नेम धरण्याच्या पट्टीवर १००० मीटरपर्यंतच्या खुणा कोरलेल्या असत. तितक्या अंतरावर नेम साधणे ही अतिशयोक्ती होय. परंतु नेहमीच्या पिस्तुलाच्या टप्प्यापलीकडे हे शस्त्र पोहोचत असे, यात शंका नाही. पुढील इतिहासात या लाकडी पेटीचे महत्त्व वारंवार प्रत्ययास येते.

३

सैन्यांचा प्रतिसाद मात्र थंड होता. पिस्तूल आकाराने मोठे, वजनाने सव्वा किलोच्या आसपास, पुढच्या बाजूस जड, घडणीस अवघड आणि म्हणून महाग होते. तुर्कस्तानने प्रारंभी सुमारे एक हजार पिस्तुले घेतली. इटलीच्या नौदलाने १८९९ साली ५००० मागविली. परंतु ज्या जर्मन सैन्यावर कारखान्याची सारी भिस्त होती, त्याने १९०८ मध्ये गेओर्ग लुगर याच्या पिस्तुलाची निवड केली. लुगरच्या काडतुसाला त्याच्या कारखान्याने 'युद्धास सिद्ध हो' अशा अर्थाच्या लॅटिन वचनावरून 'पॅराबेलम' हे नाव दिले होते. ते नाव कारखान्याने ठरविले आणि जगाने जसेच्या तसे स्वीकारले. माउझरच्या वाट्याला असे अधिकृत आणि भारदस्त नाव आले नाही. त्यामुळे त्याचे नामकरण करण्याचे काम लोकांकडे गेले.

सरकारी खरेदी होत नसल्याने हे पिस्तूल खुल्या बाजारात उतरले. प्रवासी, शिकारी आणि स्वखर्चाने शस्त्र घेणारे लष्करी अधिकारी हे त्याचे पहिले गिऱ्हाईक. ब्रिटिश अधिकाऱ्यांना त्याची गोल, दांडक्यासारखी मूठ पाहून झाडूच्या दांड्याची आठवण झाली, आणि इंग्रजीत त्याचे 'ब्रूमहँडल' हे नाव रूढ झाले. नाव थट्टेचे असले तरी त्यात एक जवळीक आहे. रोजच्या हाताळणीतल्या वस्तूलाच मनुष्य असे नाव देतो.

या अधिकाऱ्यांत विन्स्टन चर्चिल हा एक होता. त्याच्या माउझरची कथा मुंबईच्या धक्क्यापासून सुरू होते. १८९६ च्या ऑक्टोबरात आपल्या घोडदळाच्या पलटणीबरोबर तो मुंबईस आला. किनाऱ्यावर उतरण्याच्या घाईत एका लहान होडीने तो ससून डॉकपाशी गेला. तेथील भिंतीतली लोखंडी कडी त्याने पकडली, त्याच क्षणी लाटेबरोबर होडी खाली गेली आणि त्याचा उजवा खांदा निखळला. हा खांदा पुढे जन्मभर अधू राहिला व तलवार चालविणे त्याला धोक्याचे झाले. २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानमध्ये ऑम्डुरमन येथे २१ व्या लान्सर्स पलटणीने हल्ला चढविला, तेव्हा त्याने तलवार म्यान करून माउझर हाती घेतले आणि त्याच्या बळावर तो त्या गर्दीतून सुखरूप बाहेर पडला. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या 'माय अर्ली लाइफ' या आत्मचरित्रात त्याने स्वतःच या दोन घटनांची सांगड घातली आहे. मुंबईस झालेली दुखापत पुढे आपल्या जिवावरचे संकट टाळण्यास कारण झाली असावी, असा त्याचा अभिप्राय होता.

४

पहिल्या महायुद्धात शस्त्रांची टंचाई पडली, तेव्हा जर्मन सैन्याला आपण नाकारलेल्या पिस्तुलाची आठवण झाली. १९१६ मध्ये दीड लाख माउझरांची मागणी नोंदविण्यात आली. ती मात्र सैन्याच्या प्रचलित ९ मिलिमीटर काडतुसासाठी. दोन प्रकारच्या काडतुसांत सैनिकांचा घोटाळा होऊ नये म्हणून या पिस्तुलांच्या मुठीवर ९ हा आकडा कोरून त्यात लाल रंग भरण्यात आला. यावरून 'लाल नऊ' हे नाव निघाले. सैन्याने या पिस्तुलाला दिलेली हीच काय ती खूण, आणि तीही गैरसमज टाळण्यापुरती!

व्हर्सायच्या तहानंतर जर्मनीवर शस्त्रनिर्मितीचे निर्बंध आले. पिस्तुलाची नळी आखूड करावी लागली. आखूड नळीची ही माउझरे १९२० नंतरच्या काळात सोव्हिएत रशियात मोठ्या संख्येने गेली. त्यांना इंग्रजी बोलणाऱ्यांत 'बोलो' हे नाव मिळाले. ते 'बोल्शेविक' या शब्दाचा संक्षेप मानले जाते. रशियनांनी मात्र कोणतेही टोपणनाव न देता 'माउझर' हाच शब्द आपलासा केला. मायाकोव्हस्कीने १९१८ मध्ये लिहिलेल्या 'डावी कूच' या कवितेत या पिस्तुलाला साथी म्हणून संबोधले आहे. क्रांतीतील पराक्रमाबद्दल सन्मानाचे शस्त्र देण्याची प्रथा तेथे होती. १९२१ मध्ये सेनापती कामेनेव व बुद्योनी यांना मानचिन्ह जडविलेली माउझरे देण्यात आली. परंतु त्याच काळात हेच पिस्तूल चेका या गुप्त पोलीस यंत्रणेच्या कमरेलाही लटकत होते, हे विसरता येत नाही. एकाच शब्दाचा उच्चार एकाला आश्वासक वाटे, तर दुसऱ्याच्या उरात धडकी भरवी.

आयर्लंडमध्ये याहून विलक्षण नाव निपजले. १९११ च्या जानेवारीत लंडनच्या सिडनी स्ट्रीटवर पोलीस व लष्कर यांनी काही सशस्त्र अराज्यवाद्यांना वेढा घातला. त्या प्रकरणाशी संबंध जोडला गेलेला 'पीटर द पेंटर' म्हणजे रंगारी पीटर हा लॅटव्हियन मनुष्य कधीच हाती लागला नाही. पुढे आयरिश स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात तेथील लढवय्ये माउझरला त्याच्याच नावाने ओळखू लागले. पोलिसांना गुंगारा देणाऱ्या माणसाचे नाव पोलिसांपासून लपविण्याच्या शस्त्राला मिळाले, ही निवड नाव देणाऱ्यांच्या मनाची साक्ष देते.

५

या पिस्तुलाची सर्वांत मोठी बाजारपेठ मात्र चीनमध्ये निर्माण झाली. १९१६ नंतर तेथील मध्यवर्ती सत्ता दुबळी होऊन प्रांतोप्रांतीचे सेनापती परस्परांशी लढू लागले. १९१९ मध्ये प्रमुख राष्ट्रांनी चीनला शस्त्रे पुरविण्यावर बंदी घातली व ती १९२९ पर्यंत चालली. रायफली मिळविणे दुर्घट झाले, पण पिस्तुले मात्र येतच राहिली. रायफलीची उणीव थोडीफार भरून काढील असे पिस्तूल कोणते, याचे उत्तर लाकडी दस्त्यामुळे आधीच ठरलेले होते. ज्या गुणांची युरोपीय सैन्यांना मातबरी वाटली नव्हती, त्यांचे मोल चीनच्या बंदीग्रस्त सेनांना कळले.

चीनमध्ये मिळालेली नावे या दृष्टीने बोलकी आहेत. त्यांतील एका नावाचा अर्थ 'पेटी-तोफ' असा होतो. 'पोखछ्यांग' या दुसऱ्या नावातील पूर्वपद इंग्रजीतील 'बॉक्स' या शब्दाचे चिनी रूप असल्याचे सामान्यतः मानले जाते. उत्तरपदाचा अर्थ बंदूक. म्हणजे दोन्ही नावांत पिस्तुलापेक्षा त्याच्या लाकडी पेटीकडे लक्ष वेधलेले आहे. स्पेनमधील एइबार आणि गेर्निका येथील कारखान्यांनी १९२६ नंतर या पिस्तुलाच्या प्रतिकृती काढून चीनला पाठविल्या. त्यांतील काही चाप दाबून धरताच एकामागून एक गोळ्या सोडीत. या स्पर्धेमुळे माउझर कारखान्यालाही तसे पिस्तूल काढणे भाग पडले. वीस काडतुसे मावणाऱ्या या नव्या प्रकाराला चिनी भाषेत 'वीस आवाजांचे' अशा अर्थाचे नाव मिळाले. मराठीत दोन नळ्यांच्या बंदुकीला 'दुबारी' म्हणतात. त्याच चालीवर या पिस्तुलाला 'वीसबारी' म्हणता येईल. दोन असंबद्ध भाषांनी शस्त्राची गणना त्याच्या आवाजावरून करावी, हे साम्य लक्षणीय आहे.

शान्सी प्रांताचा सत्ताधीश येन शी-शान याने ताय्युआन येथील आपल्या शस्त्रशाळेत तर पॉइंट ४५ इंच व्यासाचे माउझर तयार करविले. त्याच शस्त्रशाळेत थॉम्पसन जातीच्या बंदुका बनत असत, आणि दोन्ही शस्त्रांना एकच काडतूस चालावे हा त्यातील हेतू. प्रजासत्ताकाच्या १७ व्या वर्षावरून, म्हणजे १९२८ या सालावरून, त्याला 'सतरा क्रमांकाचे' म्हटले गेले. साम्यवाद्यांचे सेनापती चू द यांनी १९२७ च्या नानछांग उठावात वापरलेले माउझर बीजिंगच्या लष्करी संग्रहालयात जतन करण्यात आले. सरंजामी सेनापती आणि त्यांना उलथून टाकू पाहणारे साम्यवादी या दोघांच्याही हाती एकच शस्त्र होते.

६

हिंदुस्थानात या पिस्तुलाचा प्रवेश एका धाडसी चोरीने झाला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यातील रॉडा कंपनी या शस्त्रविक्रेत्या पेढीचा माल जकात कचेरीतून सोडवून आणण्यास शिरीषचंद्र मित्र हा कारकून गेला. एकूण पेट्या २०२ होत्या. त्यांपैकी १९२ पेट्या त्याने पेढीच्या वखारीत पोहोचविल्या. उरलेल्या दहा पेट्या आणतो असे सांगून तो गेला, तो परत आला नाही. त्या दहा पेट्यांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती.

न्यायमूर्ती रौलट यांच्या समितीने १९१८ मध्ये सादर केलेल्या अहवालात या घटनेचा सविस्तर विचार आहे. पिस्तुलाची पेटी मुठीस जोडून ते रायफलीप्रमाणे खांद्यावरून झाडता येते, हे समितीने मुद्दाम नमूद केले. चिनी सैनिकाने ज्या पेटीवरून नाव ठेवले, तीच पेटी ब्रिटिश न्यायाधीशाच्याही नजरेत भरली! अहवालानुसार ४४ पिस्तुले लगोलग बंगालमधील नऊ क्रांतिकारी गटांत वाटली गेली आणि पुढील ५४ घटनांत त्यांचा वापर झाला.

येथे नाशिकच्या घटनेशी तुलना उद्बोधक ठरते. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन याच्यावर झाडलेले पिस्तूल ब्राउनिंग होते. विलायतेतून सावरकरांनी गुप्तपणे पाठविलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते एक. ब्राउनिंग चपटे, खिशात मावणारे आणि अगदी जवळून वापरावयाचे. माउझरने दूरवरून व अधिक काळ लढा देणे शक्य झाले. ९ सप्टेंबर १९१५ रोजी ओरिसात बालासोरनजीक जतींद्रनाथ मुखर्जी आणि त्यांचे चार सहकारी यांनी खंदकासारख्या जागेचा आश्रय घेऊन रायफलधारी पोलिसांशी झुंज दिली, ती माउझरांच्या साहाय्याने. चित्तप्रिय रायचौधुरी तेथेच पडले व जतींद्रनाथ दुसऱ्या दिवशी रुग्णालयात निवर्तले. गुप्त कटाकडून उघड रणाकडे वळण्याच्या या प्रयत्नात शस्त्राच्या स्वरूपाचाही वाटा होता, असे मानण्यास जागा आहे.

९ ऑगस्ट १९२५ रोजी काकोरी येथे आगगाडी थांबवून सरकारी खजिना लुटण्यात आला, तेव्हाही क्रांतिकारकांच्या हाती माउझरे होती. त्या प्रसंगी एका निरपराध प्रवाशाचा गोळी लागून मृत्यू झाला. तो कोणाच्याही उद्दिष्टात नव्हता. क्रांतिकारकांपैकी एक असलेल्या मन्मथनाथ गुप्त यांनी पुढे या घटनेविषयी खेद व्यक्त केला.

हिंदुस्थानी भाषांनी या पिस्तुलाला टोपणनाव दिले नाही. मूळचे विशेषनामच सामान्यनाम केले. मराठीत ते 'माउझर' असे लिहिले जाते. जर्मन उच्चारात या नावातील मधले व्यंजन घोष आहे, आणि मराठीच्या दंततालव्य 'झ'मुळे तो उच्चार आपल्या लिपीत बराच यथार्थ उतरतो. ओबर्नडॉर्फच्या एका कारखानदाराचे आडनाव अशा रीतीने मराठी चरित्रग्रंथांत स्थिरावले.

७

१९३० च्या दशकाच्या अखेरीस या पिस्तुलाचे उत्पादन थांबले. यानंतर अधिक हलकी, स्वस्त आणि सोयीची पिस्तुले निघाली. तरीही माउझरचे आकर्षण ओसरले नाही. संग्राहक त्याच्या निरनिराळ्या प्रकारांचा शोध घेत राहिले. १९७७ साली प्रदर्शित झालेल्या 'स्टार वॉर्स' या चित्रपटातील एका नायकाच्या हाती भविष्यकाळातील शस्त्र द्यावयाचे होते, तेव्हाही निर्मात्यांनी ते १८९६ च्या या पिस्तुलावरच बेतले.

या आकर्षणाचे कारण केवळ त्याच्या बांधणीत शोधणे अपुरे आहे. बांधणी उत्तम असूनही सैन्यांनी ते नाकारले होते. ज्यांच्यापाशी राज्य नव्हते, शस्त्रागार नव्हते आणि रायफली मिळविण्याचा मार्गही नव्हता, अशांना या लाकडी पेटीने सैनिकाच्या बळाचा काही अंश दिला. झाडूचा दांडा, रंगारी पीटर, साथी, पेटी-तोफ ही नावे कारखान्यात तयार झाली नाहीत. ती हाताळणाऱ्यांनी ठेवली. मात्र ही सारी नावे शस्त्र धरणाऱ्या बाजूची आहेत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्याच्या समोर उभे असणाऱ्यांनी, काकोरीच्या त्या प्रवाशासारख्यांनी, त्याला काय म्हटले असते याची नोंद कोणत्याही भाषेत नाही. नावांच्या आधारे इतिहास लिहिणाऱ्याने या साधनाची ही मर्यादा सतत लक्षात ठेवावयास हवी.

रौलट समितीला कलकत्त्याच्या पन्नासही पिस्तुलांचे कारखान्यातील क्रमांक ठाऊक होते. अहवाल लिहिला जाईपर्यंत त्यांपैकी ३१ पिस्तुले पोलिसांनी परत मिळविली होती. उरलेली १९ क्रमांकानिशी सरकारदप्तरी राहिली. प्रत्यक्षात ती बंगालमध्ये कोणाकोणाच्या हाती फिरत होती, हे त्या दप्तराला सांगता आले नाही.